क्लोरिन डायऑक्साइड टाकूनही निपल लाइन बुळबुळीत होते: दर बॅचची तीच रड

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमच्या शेडचं दुखणं हेच आहे की वेगळं, ते कळेल. ब्रॉयलर कोंबड्यांची बॅच अठरा-वीस दिवसांची झाली की टाकीपासून लांबच्या टोकाला निपलांची, म्हणजे पाइपाला लावलेल्या, चोचीने दाबून पाणी प्यायच्या तोट्यांची, धार बारीक होते. पक्षी चोच मारून मारून थकतात आणि मान वर करून नुसते उभे राहतात. काही निपल उलट गळायला लागतात, त्यांच्याखालचं तूस भिजून ढेकळं होतात, अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबतो. लाइनीच्या टोकाचा व्हॉल्व्ह उघडला तर आधी कुजकट वासाचं गढूळ पाणी येतं, मागोमाग शेंबडासारखे तुकडे. पाइपात बोट घातलं तर आत बुळबुळीत. आणि हे सगळं टाकीत रोज क्लोरिन डायऑक्साइड, म्हणजे पाण्यातले जंतू मारायचं औषध, टाकत असताना.

आमचं शेड नाशिकहून गिरणाऱ्याला जाताना लागतं. पाच हजार पक्षी, कंपनीच्या करारावर, चार निपल लाइनी, प्रत्येक साधारण दोनशे फुटांची. पाणी बरेच महिने बोअरचं, उन्हाळ्यात शेततळ्याचं. सलग पाच बॅच हा त्रास काढला आणि पाचही वेळा एकच उपाय केला, मात्रा वाढवली. औषध ज्या दुकानातून आणायचो तिथला माणूस म्हणाला, हजार लिटरला वीस मिलीच्या जागी तीस टाका. तीसचे चाळीस झाले. कंपनीचे सुपरवायझर म्हणाले, ब्रँड बदला. तोही बदलला. आबांचं म्हणणं, "बेल ड्रिंकर होते तेव्हा असलं काही नव्हतं." खरं आहे, पण ते घंटेच्या आकाराचे टांगते ड्रिंकर रोज सकाळी घासायला आई आणि मी असायचो, हे आबा सोयीने विसरतात.

सहाव्या बॅचला मात्रेचा नाद सोडला आणि औषध नेमकं कुठे संपतं ते शोधायला बसलो. एक कारण नव्हतं. एक सापडलं की रीडिंग थोडं सुधारायचं, मग पुढचं दिसायचं. ज्या क्रमाने सापडत गेलं त्याच क्रमाने लिहितो.

मोजल्याशिवाय मात्रेला हात लावू नका

आमच्याकडे पिवळ्या रंगाचं किट होतं, पाण्यात थेंब टाकले की पिवळं होणारं. ते ऑर्थोटोलिडिनचं. क्लोरिन आहे की नाही एवढं ढोबळ सांगायला ठीक, पण क्लोरिन डायऑक्साइड किती आहे ते त्यावरून कळत नाही, आणि ते रसायन हाताळायलाही चांगलं नाही. नाशिकला जाऊन डीपीडी गोळ्यांचं किट आणलं, गुलाबी रंग येणारं. एक नंबरची गोळी टाकायची आणि रंग तक्त्याशी जुळवायचा.

इथे पहिला घोळ होतो. बाजारातल्या बहुतेक किटचा तक्ता क्लोरिनचा असतो. त्यावरचा आकडा १.९ ने गुणला की क्लोरिन डायऑक्साइडचा आकडा मिळतो. तक्त्यावर ०.५ दिसलं तर पाण्यात सुमारे ०.९५ पीपीएम (म्हणजे लिटरला तेवढे मिलिग्रॅम) आहे. कारण साधं आहे: या गोळीपाशी क्लोरिन डायऑक्साइड आपल्या पूर्ण ताकदीचा पाचवा भागच वापरतो. पाण्यात ब्लीचिंगचा क्लोरिनही असेल तर आधी ग्लायसिनचे थेंब टाकायचे. ग्लायसिन क्लोरिनला पकडून ठेवतं, डायऑक्साइडला हात लावत नाही.

दुसरा घोळ नमुना घेण्यात. क्लोरिन डायऑक्साइड हा वायू आहे, पाण्यात नुसता विरघळलेला असतो, सोड्याच्या बाटलीतल्या वायूसारखा. बाटली अर्धी भरून खळखळवली की त्यातला काही उडून जातो आणि तुम्ही म्हणता औषध कमी पडलं. बाटली काठोकाठ भरा, सावलीत, लगेच तपासा. तिसरा घोळ उलटा आहे. मूळ द्रावण किंवा भरमसाट मात्रेचं पाणी तपासलं तर गुलाबी रंग क्षणभर चमकून उडून जातो आणि पाणी पांढरंच दिसतं. ते शून्य नव्हे. औषध इतकं जास्त आहे की रंगच खाऊन टाकलाय. अशा वेळी नमुना दहापट पातळ करून पुन्हा बघायचं.

नमुना कुठून घ्यायचा हे सगळ्यात महत्त्वाचं. आम्ही वर्षानुवर्षं टाकीत बघून समाधान मानायचो. पक्षी टाकीत चोच घालत नाहीत. सकाळी, लाइन फ्लश करायच्या आधी, प्रत्येक लाइनीच्या शेवटच्या निपलचं पाणी घ्या. तिथे ०.५ ते ०.८ पीपीएम मिळालं तर आमच्यापुरतं काम झालं. त्याहून जास्त चढवण्यात शहाणपण नाही. अमेरिकेत माणसांच्या पिण्याच्या पाण्यात क्लोरिन डायऑक्साइडची कमाल मर्यादा ०.८ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे. तो वापरला गेला की त्यातला अर्ध्याहून जास्त भाग क्लोराइट होऊन पाण्यातच राहतो, त्याची तिथली मर्यादा १ मिलिग्रॅम. क्लोराइट जास्त झाला तर रक्ताच्या तांबड्या पेशींना त्रास देतो. म्हणजे चाळीस मिली टाकून आम्ही शेवाळापेक्षा पक्ष्यांनाच औषध पाजत होतो.

पहिलं रीडिंग घेतलं तेव्हा शेवटच्या निपलला शून्य येणार हा अंदाज होताच. धक्का टाकीने दिला. टाकीतही जेमतेम फिकट गुलाबी.

टाकीत औषध तयारच होत नव्हतं

हे समजायला मावसभाऊ कामी आला. तो गंगापूर धरणाच्या बाजूला एका वायनरीत सेलरमध्ये आहे. वायनरीवाले क्लोरिनपासून चार हात लांब असतात. क्लोरिन लाकडात, बुचात शिरला आणि बुरशीने त्यातून ट्रायक्लोरोअॅनिसोल तयार केलं की वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. त्यामुळे त्याला हा विषय माहीत. मी कसं टाकतो ते त्याने विचारलं. मी सांगितलं, दोन्ही बाटल्यांतलं मोजून घेतो आणि सरळ टाकीत ओततो. तो हसला. म्हणाला, "अरे, मग तू पाण्यात फक्त मीठ टाकतोयस असं समज."

झालं असं. क्लोरिन डायऑक्साइड बाटलीत भरून विकता येत नाही. तो ११ अंशांनाच उकळतो, म्हणजे आपल्याकडे निफाडची थंडी सोडली तर बाराही महिने वायूच. हवेत त्याचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेलं तर स्फोट होऊ शकतो, म्हणून सिलिंडरही मिळत नाही. लागेल तिथे, लागेल तेव्हा बनवावा लागतो. बाटलीवर 'स्टॅबिलाइज्ड' लिहिलेलं असतं, त्या द्रावणात मुख्यतः सोडियम क्लोराइट असतं, अल्कलीत शांत निजलेलं. दुसऱ्या बाटलीतलं किंवा पुडीतलं अॅक्टिव्हेटर म्हणजे आम्ल, बहुधा सायट्रिक. आम्ल क्लोराइटला उठवतं आणि वायू तयार होतो. हायड्रोक्लोरिक आम्लाने सगळं उत्तम झालं तरी क्लोराइटच्या पाच रेणूंतून डायऑक्साइडचे चारच निघतात. सायट्रिक त्याहून मवाळ आणि हळू.

आता हेच दोन्ही हजार लिटर पाण्यात ओतलं तर? आमच्या बोअरच्या पाण्याचा पीएच आठच्या वर, खडक काळा बेसाल्टचा, पाण्यात क्षार भरपूर. एवढ्याशा आम्लाला ते क्षार क्षणात गिळतात. क्लोराइट तसंच्या तसं झोपलेलं राहतं आणि आपण टाकीवरचं झाकण समाधानाने लावतो. हे काम गड्याचं नव्हतं, मीच करत होतो, म्हणून दोष द्यायलाही कोणी नाही.

बरोबर पद्धत अशी. प्लास्टिकच्या मगमध्ये, धातूच्या नाही, लेबलवर दिलेल्या प्रमाणात दोन्ही एकत्र करायचं. शेडच्या बाहेर, सावलीत, वारा असेल तिथे. लेबलवर असेल तेवढा वेळ थांबायचं, आमच्या बाटलीवर पंधरा मिनिटं आहे. पाण्यासारखं दिसणारं द्रावण हळदीसारखं पिवळं होतं. पिवळं झालं नाही तर बाटली जुनी आहे किंवा अॅक्टिव्हेटर मेलेलं आहे, ते टाकीत ओतून उपयोग नाही. तोंड मगवर नेऊन वास घ्यायचा नाही, हे लिहायची गरज पडू नये, पण मी घेतला होता आणि दिवसभर खोकलो. कामगारांसाठी हवेतली मर्यादा आठ तासांना ०.१ पीपीएम इतकी कमी आहे, आणि साधारण तेवढ्यालाच नाकाला वास कळतो. वास आला म्हणजे मर्यादेवर आलात असं धरून मागे सरका.

हिशोबही एकदा नीट मांडून घ्या. पाच टक्क्यांच्या द्रावणातलं सगळं रूपांतर झालं असं धरलं तर एका मिलीत ५० मिलिग्रॅम. हजार लिटरला १ पीपीएमसाठी हजार मिलिग्रॅम, म्हणजे २० मिली. दोन टक्क्यांची बाटली असेल तर ५० मिली. बाटली बदलली की टक्के बदलतात आणि मिली तेच राहतात. ब्रँड बदलला तेव्हा आमचं नेमकं हेच झालं होतं.

मग हुशारी सुचली: रोज कोण पंधरा मिनिटं थांबणार, आठवड्याचं एकदम करून ठेवू. पांढऱ्या कॅनमध्ये करून शेडच्या भिंतीला ठेवलं. दुसऱ्या दिवशी कॅन फुगला, तिसऱ्या दिवशी रंग लिंबाच्या सरबतासारखा. उन्हात हा वायू तुटतो आणि बंद कॅनमध्ये वर साठतो. दोन्ही वाईट. रोज लागेल तेवढंच बनवा.

हे सुधारल्यावर टाकीतलं रीडिंग तक्त्यावर ०.६ आलं, म्हणजे १.१ च्या आसपास. आबांना बोलावून दाखवलं. ते टोकाचा निपल दाबून म्हणाले, "आता इथलं दाखव." तिथे अजून शून्य.

टाकीतला वाटा कोण खातो

टाकी भरायचा पाइप वरून चार फुटांवरून धो धो पडायचा. औषध आधी टाकायचं, मग टाकी भरायची, म्हणजे चांगलं मिसळतं असा माझा समज. सोड्याची बाटली हलवून उघडण्यासारखंच ते. क्लोरिन पाण्याशी संयोग करून हायपोक्लोरस आम्ल होतो आणि पाण्यात टिकतो. डायऑक्साइड तसं काही करत नाही, विरघळलेला वायूच राहतो. त्याचा फायदाही याच स्वभावात आहे. पीएच ८.५ असलेल्या पाण्यात क्लोरिनचा कामाचा भाग जेमतेम दहावा हिस्सा उरतो, डायऑक्साइडला त्याने फरक पडत नाही. आमच्यासारख्या क्षारांच्या पाण्याला ब्लीचिंगपेक्षा हा बरा तो याच कारणाने. पण खळखळाट मात्र त्याला सोसत नाही. आम्ही पाइप टाकीच्या तळापर्यंत नेला आणि औषध टाकी भरल्यावर टाकायला लागलो.

मग टाकीतले पाहुणे. पिल्लं आली की गुळाचं पाणी, ही आपल्याकडची रीत. त्यानंतर व्हिटॅमिन, इलेक्ट्रोलाइट, लिव्हर टॉनिक, मधूनच अॅसिडिफायर (सेंद्रिय आम्लं), आणि सगळं त्याच टाकीत. गूळ आणि टॉनिक म्हणजे जिवाणूंना पक्वान्न. डायऑक्साइड तिथेच या सगळ्याशी झटापट करून संपतो, आणि उरलेली साखर पाइपाच्या भिंतीला जाऊन बसते. सेंद्रिय आम्लांची मात्रा कमी पडली तर त्यांच्यावर बुरशीचं वेगळंच जाळं धरतं. आता औषध-टॉनिकला पन्नास लिटरची वेगळी टाकी आहे. ज्या दिवशी टॉनिक त्या दिवशी डायऑक्साइड बंद, टॉनिक संपलं की लाइन साध्या पाण्याने फ्लश, मग पुन्हा चालू. गूळ पहिल्या दिवशी बेसिनमध्ये देतो, लाइनीत अजिबात नाही. कंपनीचे सुपरवायझर आधी नाराज झाले, नंतर गप्प झाले.

बोअरच्या पाण्याचा अहवालही काढून घ्या. नाशिकला तपासून मिळतो. लोह आणि मॅंगनीज हे दोन आकडे बघा. एक मिलिग्रॅम लोह सुमारे १.२ मिलिग्रॅम डायऑक्साइड खातं, एक मिलिग्रॅम मॅंगनीज जवळजवळ अडीच. आमच्याकडे लोह थोडंच निघालं. तुमच्याकडे टाकीच्या तळाला तांबडा किंवा काळा गाळ बसत असेल तर आधी फिल्टरचं बघा, औषधाचं नंतर.

पाण्याची भूक किती आहे ते घरी काढता येतं. एक लिटरच्या पाच स्वच्छ बाटल्या घ्या, शेडचंच पाणी भरा, चढत्या मात्रेने औषध टाका, बुच लावून अर्धा तास अंधारात ठेवा, मग प्रत्येकात किती उरलंय ते मोजा. ज्या मात्रेपासून काही उरायला लागतं तिथपर्यंतचं सगळं पाण्याने खाल्लेलं. बोअरला एकदा आणि शेततळ्याला एकदा केलं, दोन्हींत इतका फरक निघाला की वर्षभर एकच मात्रा टाकायची सवय त्या दिवशी सुटली.

लांबचंच टोक का?

याचं उत्तर मला वाटतं कुठल्याच लेबलवर सापडणार नाही, कारण ते शेडच्या रोजच्या रीतीत आहे. पहिल्या आठवड्यात आपण पिल्लं शेडच्या एका भागात कोंडतो, पडदे पाडतो, ब्रूडर लावून ३२-३३ अंशांची ऊब ठेवतो. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत तर दहा-बारा दिवस पिल्लं पुढे सोडत नाहीत. तोपर्यंत उरलेल्या लाइनीत पाणी भरलेलं असतं आणि त्याला तोंड लावणारं कोणी नसतं.

पिल्लं असतात त्या भागातही गंमत आहे. दोनशे फुटांच्या एका लाइनीत साधारण वीस लिटर पाणी मावतं, चार लाइनीत ऐंशी, वर टाकीपासून येणारा पाइप वेगळा. पाच हजार पिल्लं पहिल्या दिवशी सगळी मिळून शंभर-सव्वाशे लिटर पितात. म्हणजे टाकीतून निघालेला थेंब टोकाला पोचेपर्यंत जवळजवळ दिवस जातो, तोही उबेत. एवढ्या वेळात औषध संपतं आणि चिकट थराची पहिली वीण पाइपाला धरते. पुढे पक्षी मोठे झाले, पाणी जोरात वाहायला लागलं, तरी तो थर आलेल्या औषधाला वाटेतच खात बसतो. विसाव्या दिवशी दिसणारा बुळबुळीतपणा तिसऱ्या दिवशी पेरलेला असतो.

म्हणून आता ब्रूडिंगच्या दिवसांत सकाळ, दुपार, रात्र तीन वेळा प्रत्येक लाइन फ्लश करतो, रिकाम्या भागातलीसुद्धा. रेग्युलेटरचा (लाइनीतला पाण्याचा दाब कमी ठेवणाऱ्या यंत्राचा) बायपास उघडायचा, टोकाचा व्हॉल्व्ह उघडायचा, पाणी जोरात जाऊ द्यायचं, टोकाला ताज्या पाण्याचा गारवा हाताला लागेपर्यंत. नुसता व्हॉल्व्ह उघडून थेंब थेंब सोडलं तर थर हलत नाही. पिल्लं पुढे सोडायच्या आदल्या दिवशी त्या भागातल्या टोकाला डीपीडी करतो. या एका सवयीने जो फरक पडला तो बाकी कशानेच नाही. सुदैवाने याला खर्च फक्त पाण्याचा आहे, आणि ते पाणी बाहेर टोमॅटोला जातं.

निपल खरंच भरतो आहे की नाही तेही मोजा. वयाच्या आठवड्यांना सातने गुणा, त्यात वीस मिळवा, तेवढे मिली मिनिटाला यायला हवेत. तिसऱ्या आठवड्यात ४१, पाचव्यात ५५. पुढचा, मधला आणि शेवटचा निपल मेजरिंग सिलिंडरमध्ये मिनिटभर दाबून धरा. शेवटचा फारच मागे असेल तर अडथळा लाइनीत आहे. तिन्ही सारखेच कमी असतील तर रेग्युलेटर किंवा फिल्टर बघा, उगाच औषधाला शिव्या देऊ नका.

चांगलं करायला जावं तर निपल जाम

भरल्या शेडमध्ये एकदम योग्य मात्रा चालू केली आणि दुसऱ्याच दिवशी चाळीसेक निपल जाम झाले. जुना थर सुटून तुकड्यातुकड्यांनी निपलांत अडकला. तुमच्या लाइनीत थर जुना असेल तर भरल्या बॅचमध्ये शूरपणा करू नका. कमी मात्रेने चालू करा, दिवसातून चार वेळा फ्लश करा, आणि खरी सफाई पक्ष्यांची उचल झाल्यावर.

उचल झाल्यावरचा क्रम महत्त्वाचा. आधी जोराने फ्लश. क्षार बसले असतील तर सायट्रिकचं पाणी लाइनीत भरून ठेवा, कारण थर क्षारांच्या खरखरीत पापुद्र्यात लपतो. ते पूर्ण काढून टाका, साध्या पाण्याने दोनदा धुवा. आम्लाचं पाणी लाइनीत असताना क्लोराइटचं कडक द्रावण कधीही सोडायचं नाही, पाइपातच वायू होतो. मग जंतुनाशक.

इथे आमची आणखी एक चूक सापडली. थर काढायला हायड्रोजन पेरॉक्साइड वापरायचो, तो चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण लाइन नीट न धुता लगेच त्यावर डायऑक्साइड सोडायचो. ही दोन औषधं एकमेकांना मारतात. पेरॉक्साइड डायऑक्साइडला पुन्हा क्लोराइट करून टाकतो. दोन औषधांचे पैसे, काम एकाचंही नाही.

लसीच्या दिवशी

हे थोडक्यात, पण यात चूक झाली तर नुकसान सगळ्यात मोठं. लासोटा (राणीखेत रोगाची लस) आणि गंबोरो रोगाची लस पाण्यातून देतो तेव्हा त्या जिवंत विषाणूंच्या लसी असतात. क्लोरिन डायऑक्साइड विषाणू मारतो, लसीचा कोणता आणि रोगाचा कोणता हे तो बघत नाही. लसीच्या दोन दिवस आधी बंद करा, लाइन फ्लश करा, आणि टाकी व शेवटचा निपल दोन्हीकडे डीपीडीने शून्य बघा. ही एकच वेळ जेव्हा शून्य बघून आनंद व्हावा. लसीच्या पाण्यात लिटरला अडीच ग्रॅम स्किम्ड मिल्क पावडर अर्धा तास आधी मिसळा. पण नंतर तीच दुधाची साय लाइनीत राहते, म्हणून लस पिऊन झाली की फ्लश, आणि दुसऱ्या दिवशी डायऑक्साइड पुन्हा चालू. आमच्या दोन बॅचना चौदाव्या दिवसानंतर तो पुन्हा चालू करायचंच राहून गेलं होतं. वहीत बंद केल्याची तारीख होती, चालू केल्याची नव्हती.

शेततळ्याचं पाणी आणि तुसाजवळची बाटली

एप्रिलपासून बोअर हात वर करतो आणि शेततळ्याचं हिरवं पाणी येतं. त्याला डायऑक्साइडने स्वच्छ करायला जाणं म्हणजे समईने शेड तापवण्यासारखं. आधी ड्रिपचा सँड फिल्टर वापरा, पाणी वरच्या थरातून नको आणि तळातूनही नको, मधून उचला. एक टाकी रात्रभर निवळू द्या. शेवाळ जितकं बाहेर राहील तितकं औषध टोकाला पोचेल.

साठवणीबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. क्लोराइटचं द्रावण सांडलं आणि पोत्यावर, लाकडाच्या भुशावर, घोटीहून आणलेल्या भाताच्या तुसावर वाळलं तर ते वाळलेलं मिश्रण ठिणगीला, कधी नुसत्या घर्षणालाही पेटतं. आमची बाटली दोन वर्षं तुसाच्या ढिगाशेजारच्या फळीवर होती. आता ती वेगळ्या खोलीत, प्लास्टिकच्या घमेल्यात आहे, अॅक्टिव्हेटर तिच्यापासून लांब दुसऱ्या कोपऱ्यात. सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवायचं, चिंधीने पुसून चिंधी कोपऱ्यात टाकायची नाही. ब्लीचिंग पावडरही त्या खोलीत नको.

शेजारच्या काकांनी मोबाइलवर बघून विचारलं होतं की हेच पाणी माणसाने पोटासाठी घेतलं तर चालतं का. असली 'चमत्कारी' द्रावणं पिऊ नका म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये लोकांना बजावलं आहे. काकांना तेवढं सांगून बाटली असलेल्या खोलीला कुलूप लावलं.

सध्याची बॅच चोवीस दिवसांची आहे. एक, तीन आणि चार नंबरच्या लाइनीला सकाळी टोकाला ०.५ च्या वर मिळतंय, बोट घातलं तर पाइप कोरडा खरखरीत लागतो. दोन नंबरला अजून ०.२ च्या पुढे जात नाही. तिच्या रेग्युलेटरचा रबर कडक झालाय आणि आत काळपट थर दिसतो, असला साधा रबर या औषधापुढे फार दिवस टिकत नाही. उचल झाली की तो बदलून पुढच्या बॅचला तिथलं रीडिंग पुन्हा घेतो.